‘पुढं न्या’ म्हटलं की डॉक्टर सुटतो का?

माझ्या टेबलावर एक केसपेपर आहे. हाताच्या पंजाएवढा, वर नर्सिंग होमचं नाव छापलेलं. पेशंटचं नाव, वय ५२, आणि त्याखाली निळ्या शाईत एवढंच: ‘चेस्ट पेन. रेफर टू हायर सेंटर.’ खाली सही. वेळ लिहिलेली नाही. रक्तदाब नाही, नाडी नाही. ईसीजी काढला की नाही ते नाही, कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही नाही. निपाणी भागातल्या त्या गृहस्थांना मुलानं आणि पुतण्यानं शेजाऱ्याच्या गाडीत बसवलं आणि कोल्हापूरची वाट धरली. हायवेवरच ते गेले.

काही आठवड्यांनी मुलगा हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला. त्याचा पहिला प्रश्न, “वकीलसाहेब, डॉक्टरनी हातच लावला नाही ओ. मग केस कशावर करायची?” पुढे आम्ही नोटीस पाठवली. तिला आलेल्या उत्तरातही तेच होतं: आमच्या अशिलांनी उपचारच केले नाहीत, त्यामुळे चुकीच्या उपचारांचा प्रश्न उद्भवत नाही.

दोन्ही बाजूंची समजूत एकच होती आणि ती चुकीची होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या कर्नाटकच्या सीमापट्ट्यात ‘पुढं न्या’ हे शब्द ऐकले नाहीत असं घर सापडायचं नाही. खानापूरकरांचं ‘पुढं’ म्हणजे बेळगाव, निपाणीकरांचं कोल्हापूर नाहीतर बेळगाव, अथणी-कागवाडचं मिरज. चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीला नेणारेही आहेत. बऱ्याचदा पुढे पाठवणं बरोबरच असतं. छोट्या दवाखान्यात व्हेंटिलेटर नसतो, हृदयाचे डॉक्टर नसतात. पण काही ठिकाणी हे शब्द भीतीपोटी येतात: पेशंट आपल्या दारात दगावला तर केस होईल, तोडफोड होईल, त्यापेक्षा बाहेरच्या बाहेर गेलेला बरा. मी रुग्णांच्या बाजूनं खटले चालवले आहेत आणि डॉक्टरांच्याही. दोन्हीकडून बघून सांगतो, कॅज्युअल्टीत बसणाऱ्या डॉक्टरला कायद्याचा सर्वांत मोठा धोका या भीतीतूनच येतो.

हात न लावणं

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्याचा निकाल दिला. प्रकरण साधं होतं. स्कूटरवरून जाणाऱ्या एकाला मोटारीनं उडवलं. रस्त्यावरच्या एका माणसानं त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगण्यात आलं की पोलीस केस आमच्याकडे घेत नाहीत, २० किलोमीटरवरच्या अमुक दवाखान्यात न्या. वाटेत तो गेला. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, समोर आलेल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी आपलं कसब वापरणं त्याला बंधनकारक आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क यात येतो.

१९९६ साली पश्चिम बंगालचं प्रकरण आलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी त्याला खासगी दवाखाना गाठावा लागला. तो जगला, तरीही राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. म्हणजे माणूस दगावल्यावरच जबाबदारी येते असं नाही. दारातून परत पाठवलं, एवढंही पुरेसं ठरलं.

रस्त्यावरच्या अपघातांसाठी मोटार वाहन कायद्यातच तरतूद आहे. कलम १३४ प्रमाणे ड्युटीवरच्या डॉक्टरनं कुठल्याही सोपस्काराची वाट न बघता जखमीवर लगेच उपचार सुरू करायचे. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्याच उंबऱ्यातून जातो, त्यामुळे हे कलम इथल्या प्रत्येक नर्सिंग होमला तोंडपाठ हवं. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे: नेमलेल्या दवाखान्यात अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता. जखमीला आणून सोडणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आपल्याकडे फार. त्यासाठी कर्नाटकानं २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, आणि मदत करणाऱ्या माणसासोबत त्यात डॉक्टरांच्या संरक्षणाचाही विचार आहे. कर्नाटकाचा खासगी दवाखान्यांसाठीचा २००७ चा कायदा सांगतो की अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण अशा केसमध्ये प्रथमोपचार आणि जीव सावरण्यापुरते उपचार करावेच लागतील. तातडीच्या वेळी ‘आधी पैसे भरा’ म्हणून अडवता येत नाही.

आता यातला बारकावा. कायदा छोट्या दवाखान्याला मोठं ऑपरेशन करायला सांगत नाही. तुमच्याकडे जे आहे तेवढं करा आणि मग पाठवा, एवढंच त्याचं मागणं आहे. छातीत दुखणारा माणूस आला तर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हा वैद्यकशास्त्राचाच दंडक आहे. रक्तदाब बघणं, शिरेत सलाईनची सुई लावणं, ॲस्पिरिनची गोळी चावायला देणं, पुढच्या दवाखान्याला फोन करणं आणि नातेवाइकांना ‘साध्या गाडीतून नेऊ नका, ॲम्ब्युलन्स मागवा’ असं सांगणं. माझ्या टेबलावरच्या केसपेपरात यातलं काहीही नाही. डॉक्टरनं यातलं काही केलंही असेल. कागदावर नसेल तर ग्राहक आयोगापुढे ते कसं दाखवणार?

चूक वेगळी, हयगय वेगळी

पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा म्हणत नाही. हे घरच्यांना सांगणं जड जातं, पण सांगावंच लागतं. समोरच्या परिस्थितीत त्याच शिक्षणाचा साधारण समजूतदार डॉक्टर जे करेल ते यानं केलं का, एवढंच न्यायालय बघतं. त्यानं सर्वांत हुशार डॉक्टर असायची गरज नाही. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि ती फसली, तर तो अंदाज चुकला. त्याला हयगय म्हणत नाहीत. आणि रात्री तीन वाजता, पेशंटचा आधीचा एकही रिपोर्ट हाताशी नसताना घेतलेला निर्णय त्या वेळच्या परिस्थितीतच तोलायचा असतो.

या बाबतीतला आपल्या देशातला जुना आणि पायाभूत निकाल मराठी मुलखातूनच आला आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरनं पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि टॅक्सीनं २०० मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला नेलं. तिथं भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं. त्याच दिवशी, ९ मे रोजी, तो गेला. वडील कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६८ साली निकाल लागला, भरपाई ३,००० रुपये. कायद्याचे विद्यार्थी आजही लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा निकाल वाचतात, कारण डॉक्टरची कर्तव्यं त्यात पायरीपायरीनं मांडली आहेत: पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, काय उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते देताना काळजी. मला त्यातली पहिली पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘घेऊ की पाठवू’ हा निर्णयसुद्धा उपचाराचाच भाग आहे. तोही काळजीनंच घ्यायचा.

तातडीच्या विभागात घोटाळे कुठे होतात? मोठ्या, नाट्यमय गोष्टींत सहसा नाही. ॲसिडिटी म्हणून घरी पाठवलेला हार्ट ॲटॅक. पोटदुखीची गोळी देऊन पाठवलेली तरुण बाई, जिचा गर्भ नळीत राहिलेला असतो. दारू प्यायलाय म्हणून झोपवून ठेवलेला माणूस, ज्याच्या डोक्यात आतल्या आत रक्तस्राव चाललेला असतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात थंडीताप असलेल्या बाईला मलेरियाऐवजी टायफॉइडचे उपचार दिले गेले होते. जिल्हा ग्राहक मंचानं (म्हणजे आजच्या जिल्हा आयोगानं) दिलेली २ लाखांची भरपाई न्यायालयानं कायम केली, आणि हेही सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचा दाखला लागतोच असं नाही. जिथं चूक उघड दिसते तिथं आयोग स्वतः ठरवू शकतो.

आपल्या भागातलं रोजचं उदाहरण घ्या. ऊसतोडीच्या हंगामात कोयता हातावर बसतो. जखम दोन इंचांची, रक्त बरंच. धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली, माणूस फडात परत. महिन्याभरानं त्याच्या लक्षात येतं की मधलं बोट वाकतच नाही. कोयत्यानं कातडीखालची शीरदोरी, म्हणजे बोट वाकवणारा स्नायूबंधही तोडलेला असतो. पहिल्या काही दिवसांत तो शिवला तर बोट वाचायची चांगली आशा असते, महिन्यानं काम फार अवघड होतं. टाके घालण्याआधी ‘हे बोट वाकव, आता हे सरळ कर, इथं स्पर्श कळतो का?’ असं विचारायला अर्धा मिनिट लागतं. त्यासाठी मशीन लागत नाही. हे तपासून केसपेपरवर ‘सर्व बोटांची हालचाल ठीक, संवेदना ठीक’ अशी एक ओळ लिहिली असेल तर डॉक्टर सुरक्षित. तपासलं नसेल, तर मजुराच्या हाताची किंमत त्याला मोजावी लागू शकते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याचं बोट गेलं म्हणजे काय गेलं, हे फडाशेजारी राहणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको.

तक्रार कुठे जाते

सगळ्यांत वापरातला रस्ता ग्राहक आयोगाचा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथं कुणाकडूनच पैसे घेत नाहीत तो दवाखाना यातून बाहेर. पण काहींकडून घेतात आणि काहींना फुकट देतात, तिथं फुकटचा पेशंटही ग्राहकच. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे, पण ती दवाखान्याला दिलेल्या पैशांवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे आपल्याकडची जवळपास प्रत्येक केस जिल्हा आयोगातच चालते, आणि बिल ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फीसुद्धा लागत नाही.

सीमाभागाला लागू पडणारा सगळ्यांत मोठा बदल याच कायद्यात आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आता तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही दाद मागू शकतो. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावात उपचार घेतो आणि तक्रार कोल्हापुरात करू शकतो. निपाणीच्या माणसावर कोल्हापुरात ऑपरेशन झालं, तर त्याला बेळगावच्या आयोगाचं दार उघडं आहे. डॉक्टरला दुसऱ्या राज्यात जाऊन बाजू मांडावी लागते. माझे काही डॉक्टर मित्र यावर रागावतात. पण आजारी माणसाच्या घरच्यांना एसटीनं दोन राज्यं ओलांडायला लावण्यापेक्षा हे न्याय्य आहे, असं माझं मत आहे.

दुसरा रस्ता फौजदारी. इथं पाय फार जपून टाकावा लागतो. जुन्या ३०४ अ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं. हयगयीनं मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना झालेल्या मृत्यूबद्दल दोन वर्षांपर्यंत. संसदेत विधेयक आलं तेव्हा ‘डॉक्टरांना सूट’ अशा बातम्या झळकल्या आणि अनेक डॉक्टरांनी त्या खऱ्या मानल्या. सूट वगैरे काही नाही. पूर्वीही दोनच वर्षं होती, आणि तेव्हा नुसत्या दंडावर सुटायला जागा होती. आता कैद आणि दंड दोन्ही लिहिलेत.

तरी दवाखान्यातल्या प्रत्येक मृत्यूवर फौजदारी गुन्हा होत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं तिथं मोठी भिंत उभी केली. त्या प्रकरणात श्वास अडकलेल्या पेशंटला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. न्यायालयानं डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द केला. सिलिंडर भरलेला ठेवणं ही दवाखान्याची व्यवस्था, त्याबद्दल दवाखान्यावर दिवाणी जबाबदारी येऊ शकते, पण त्यासाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवता येणार नाही. फौजदारीसाठी हयगय ढोबळ, डोळ्यांवर येणारी असावी लागते. गुन्हा पुढे नेण्याआधी पोलिसांनी त्या विषयातल्या निःपक्ष डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यायचं, आणि सरसकट अटक करायची नाही. एवढं सगळं असूनही चुका होतात. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या लालसोटला बाळंतपणातल्या रक्तस्रावानं एक बाई गेली, डॉक्टरबाईंवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. घरच्यांचा आक्रोश मी समजू शकतो, पण अशा वेळी जमावाच्या दबावाखाली कलम लावणारा पोलीस अधिकारी कुणाचंच भलं करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हेच सांगतो: पोलीस स्टेशनच्या आधी केसपेपर मिळवा, आणि दुसऱ्या डॉक्टरला तो दाखवा.

सीमेवर फौजदारीत आणखी एक गुंता होतो. उपचार निपाणीत, मृत्यू कोल्हापुरात. कायद्यानं जिथं कृत्य झालं आणि जिथं परिणाम झाला त्या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार आहे. मग नोंद महाराष्ट्रात, शवविच्छेदन महाराष्ट्रात, तपास कर्नाटकात, आणि कागद दोन भाषांत. यात महिने जातात.

राहिली दोन दारं. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल राज्याची मेडिकल कौन्सिल: ती परवाना काही काळ काढून घेऊ शकते, पैसे मिळवून देत नाही. आणि दवाखान्याबद्दल, कर्नाटकाच्या त्या २००७ च्या कायद्याखालचं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना राज्यभरातले खासगी डॉक्टर बेळगावात आंदोलनाला जमले होते, ते याच कायद्याच्या दुरुस्तीवरून. डॉक्टरांना कैदेची तरतूद असलेला मूळ मसुदा त्यानंतर बराच मवाळ झाला. ते दिवस इथल्या लोकांना अजून आठवतात, कारण दवाखाने बंद होते आणि पेशंट घेऊन फिरायची वेळ अनेकांवर आली होती.

कुणाच्या भाषेत सही

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. संमतीपत्र.

तातडीत पेशंट बेशुद्ध असेल, सोबत कुणी नसेल आणि जिवाचा प्रश्न असेल, तर डॉक्टरला संमतीची वाट बघावी लागत नाही. न्याय संहितेचं कलम ३० अशा चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण देतं. पण माणूस शुद्धीवर असेल तर त्याला विचारावंच लागतं, आणि विचारणं म्हणजे सही घेणं नव्हे. २००८ च्या समीरा कोहली निकालानं सांगितलं की काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला पुरेसं कळलेलं असावं. तेव्हाच ती संमती.

आमच्या खानापूर तालुक्यातली एक आज्जी डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी, शेतात मराठी. रात्री अकराला पोट फुगून कॅज्युअल्टीत येते. ड्युटीवरचा डॉक्टर विजापूरचा, नर्स गोकाकची, फॉर्म छापलेला कानडीत आणि इंग्रजीत. ‘इथं अंगठा लावा आज्जी.’ आज्जी लावते. नातू विचारतो, काय लिहिलंय? ‘ऑपरेशनचं आहे, सगळ्यांनाच घ्यावं लागतं.’ उद्या खटला उभा राहिला, तर तो फॉर्म डॉक्टरच्या कामाचा नाही. आज्जीला कानडी वाचता येत नाही हे सिद्ध करायला पाच मिनिटं लागतात.

हा भाषावादाचा मुद्दा नाही, कृपया त्यात ओढू नका. चंदगडला नेलेल्या कानडी बाईला मराठी फॉर्मवर अंगठा लावायला लावला तर तिथंही हेच लागू पडेल. आणि हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. बेळगावातल्या कुठल्याही दवाखान्यात मराठी बोलणारं एक तरी माणूस असतंच: आया, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक. त्याच्यामार्फत समजावून सांगायचं, आणि फॉर्मवर लिहायचं की अमुक वाजता, अमक्या व्यक्तीनं, पेशंटला मराठीत समजावून सांगितलं. त्याखाली सांगणाऱ्याचीही सही. नातेवाइकाला लिहिता येत असेल तर त्यालाच त्याच्या शब्दांत दोन ओळी लिहायला सांगायच्या. छापील दहा मुद्द्यांपेक्षा त्या दोन ओळी आयोगापुढे जास्त बोलतात.

‘सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या सहीचंही तसंच. पैसे नाहीत म्हणून, किंवा आता शेवट जवळ आला म्हणून घरी नेणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांच्याकडून नुसती सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. नेल्यावर काय होऊ शकतं आणि कुठल्या लक्षणाला लगेच परत यायचं, हे सांगितल्याची नोंद हवी.

नोंदींबद्दल आणखी थोडं. प्रत्येक ओळीपुढे वेळ. खाडाखोड नाही. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाइटनर नाही. नंतर काही आठवलं तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं मान्य करून तारीख-वेळेसह लिहायचं. नंतर घुसवलेली ओळ शाईवरून, जागेवरून, नर्सच्या नोंदवहीशी ताडून लगेच कळते, आणि मग बरोबर केलेल्या कामावरचाही विश्वास उडतो. अपघात, विष, भाजणं, मारहाण असेल तर एमएलसी (पोलीस केसच्या) वहीत नोंद आणि पोलिसांना कळवणं, पण उपचार सुरू केल्यानंतर. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागदांच्या प्रती देणं आणि भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपणं हा २००२ पासूनचा नियम आहे. नातेवाइकांनी तोंडी मागणी करून हेलपाटे घालू नयेत. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

रात्रपाळीला कोण

छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री ड्युटीला बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले कित्येक मनापासून काम करतात. पण १९९६ च्या पूनम वर्मा निकालात होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली, तेव्हा न्यायालयानं दुसऱ्या पॅथीत हात घालणं हीच हयगय ठरवली आणि ३ लाखांची भरपाई दिली. कुठल्या पदवीधारकाला किती मुभा हे राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतं, असं १९९८ च्या मुख्तियार चंद निकालात स्पष्ट झालं. म्हणूनच महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजला चालणारी गोष्ट कर्नाटकातल्या संकेश्वरात चालेलच असं धरून बसू नये. आणि ज्या मालक डॉक्टरनं अशा माणसाला रात्री एकटं बसवलं, त्यालाही सुटका नाही. २००४ पासून हे पक्कं आहे की तक्रारीत ड्युटी डॉक्टरचं नाव नसलं तरी दवाखान्याला उत्तर द्यावं लागतं.

तरुण डॉक्टरांना विम्याबद्दल एवढंच सांगेन. दवाखान्याची पॉलिसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, स्वतःची वेगळी घ्या. यातल्या बहुतेक पॉलिसी दावा येतो त्या वेळी चालू असाव्या लागतात, त्यामुळे नोकरी सोडली तरी खंड पडू देऊ नका. फौजदारी दंड विमा भरत नाही.

आणि नातेवाइकांना: हात उचलू नका. २००९ च्या कर्नाटक कायद्यानं दवाखान्यातल्या हिंसेला कैद आणि दंड आहे. मारहाण झाली की तुमची खरी तक्रार मागे पडते आणि तुम्हीच आरोपी होता. त्याहून वाईट म्हणजे त्या दवाखान्यात पुढच्या रात्री येणारा पेशंट दारातूनच ‘पुढं’ पाठवला जातो.

माझ्याकडे दुसराही एक केसपेपर आहे, झेरॉक्स. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका छोट्या दवाखान्याचा. बाईला घोणस चावली होती. आल्याची वेळ रात्री ९.४०. सूज कुठपर्यंत आली ते पेनानं पायावर खूण करून मोजलेलं. नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं, गोठलं नाही. १०.१५ ला सर्पदंशावरच्या औषधाच्या १० बाटल्या सुरू. ‘डायलिसिसची सोय इथं नाही म्हणून पाठवत आहे’ असं कारण, बेळगावच्या सरकारी दवाखान्याला फोन केल्याची वेळ, फोन कुणी घेतला त्याचं नाव. सोबत ॲम्ब्युलन्समध्ये नर्स. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवावी लागते, तीही केलेली. आणि तळाला वेगळ्या, अवघडलेल्या अक्षरात मुलानं लिहिलेलं: ‘घोणस चावली आहे. किडनीला धोका आहे. औषध चालू केले आहे पण वाचेलच असे नाही. आम्हाला मराठीत सांगितले. बेळगावला नेत आहोत.’

चौथ्या दिवशी ती गेली. दोन्ही मुलं माझ्याकडे आली, केस होते का विचारायला. मी तो कागद त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगत. मधे कुणी काही बोललं नाही. वाचून झाल्यावर धाकट्यानं तो माझ्या हातातून घेतला, शेवटच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “हे अक्षर माझंच आहे. त्यांनी सांगितलं होतं आम्हाला सगळं.”